डॉ. हॅन्सन आणि बर्गेनचे रोगी



लेवीय या पुस्तकाचा तेरावा अध्याय उपासनेत क्वचितच वाचला जातो आणि घरी वाचणारे बहुतेक जण तो चाळून पुढे जातात. भाषांतर करणाऱ्यास मात्र ती मोकळीक नसते. त्याला प्रत्येक चट्ट्यापाशी आणि प्रत्येक पांढऱ्या केसापाशी थांबावे लागते. त्या अध्यायात जो मूळ इब्री शब्द वारंवार येतो, तो उच्चारास 'त्साराअथ' असा आहे. हा त्साराअथ माणसाच्या कातडीवर दिसतो, लोकरीच्या वस्त्रावर दिसतो आणि चौदाव्या अध्यायात तर घराच्या भिंतीवरही दिसतो. जो विकार कातडीला, कापडाला आणि चुन्याच्या गिलाव्याला सारखाच जडतो, तो वैद्यकातील कोणताही एक रोग असणे शक्य नाही. शिवाय आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो त्याची मुख्य खूण, म्हणजे चट्ट्याच्या जागी येणारी बधिरता, तिचा त्या अध्यायात कोठे उल्लेखही नाही.

मग ही गफलत झाली कोठे? प्रभू येशूच्या जन्मापूर्वी ज्या यहूदी पंडितांनी जुना करार ग्रीक भाषेत आणला, त्यांनी या शब्दासाठी 'लेप्रा' हा शब्द योजला. ग्रीक वैद्य खवले धरणाऱ्या साध्या त्वचाविकाराला लेप्रा म्हणत. बोटे झडविणाऱ्या व चेहरा विद्रूप करणाऱ्या रोगाला त्यांच्या ग्रंथांत निराळेच नाव होते. पुढे मध्ययुगात अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये उतरविले गेले. त्या वेळी त्या दुसऱ्या रोगालाही लेप्रा हेच नाव देण्यात आले, आणि वैद्याच्या पुस्तकातील रोगाला याजकाच्या पुस्तकातील नियम लागू झाला. रोग्याला छावणीबाहेर घालविण्याचा तो नियम मुळात त्याच्यासाठी नव्हताच. आपल्याकडेही जुन्या मराठी भाषांतरांत महारोग, कोड, कुष्ठ असे शब्द आले. वास्तविक कोड म्हणजे कातडीचा रंग जाणे. ते कोणाला लागत नाही की त्यापासून काही अपाय होत नाही. तरीही कोड आलेल्या मुलीचे लग्न अडते ते कशामुळे, याचा विचार करताना माझ्यासारख्या भाषांतरकाराची मान खाली जाते.

हे सारे मनात घोळत असता एका वैद्याचे चरित्र माझ्या वाचनात आले. समाज रोग्याला कोठे ठेवतो, त्याला काय म्हणतो, त्याची नोंद करतो की त्याला लपवितो, यावर वैद्याला काय दिसेल आणि काय दिसणार नाही हे ठरते. ही गोष्ट या चरित्रात जितकी स्वच्छ दिसते तितकी ती मला अन्यत्र दिसली नाही. म्हणून ते आपल्यापुढे मांडीत आहे. हे वैद्य म्हणजे नॉर्वे देशाचे डॉ. गेरहार्ड आर्मावर हॅन्सन. कुष्ठरोगाला आज सुशिक्षित जगात ज्यांच्या नावाने हॅन्सनचा रोग म्हणतात, तेच हे.

हॅन्सन यांचा जन्म २९ जुलै १८४१ रोजी नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गेन या बंदराच्या शहरी झाला. पंधरा भावंडांत ते आठवे. वडील व्यापारी होते. पण व्यापार बुडाला आणि घराला ओढगस्त आली. गेरहार्ड यांनी राजधानीत, म्हणजे त्या वेळच्या क्रिस्तियानियात व आजच्या ओस्लोत, बरेचसे स्वतःच्या कष्टाने शिक्षण घेतले व १८६६ साली वैद्यकाची पदवी मिळविली. काही काळ त्यांनी उत्तरेकडील लोफोटेन बेटांवर कोळ्यांचा वैद्य म्हणून काम केले आणि १८६८ साली ते आपल्या जन्मगावी, कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयात रुजू झाले.

त्या काळचे बर्गेन कसे होते, हे समजल्याशिवाय पुढची कथा समजणार नाही. युरोपच्या बहुतेक भागांतून हा रोग कित्येक पिढ्यांपूर्वीच ओसरला होता. पण नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गरीब शेतकरी व कोळी कुटुंबांत तो ठाण मांडून बसला होता. बर्गेनमध्ये सेंट यॉर्गन नावाचे एक धर्मादाय रुग्णालय होते, त्याचा इतिहास पंधराव्या शतकापर्यंत मागे जातो. नॉर्वेच्या भाषेत कुष्ठरोग्याला जो शब्द होता, तो 'हॉस्पिटल' या शब्दावरूनच बनलेला. अर्थात रोग्याची ओळख त्याच्या रोगावरून न होता, त्याला जेथे ठेवीत त्या जागेवरून होत असे. मागे सांगितलेल्या गफलतीचे हे आणखी एक रूप.

या सेंट यॉर्गनमधील रोग्यांची दैना प्रथम देशापुढे मांडली ती एका पाळकाने, हे आपल्या वाचकांस कळावे. योहान अर्न्स्ट वेलहाव्हन हे तेथील पाळक. १८१६ साली त्यांनी तेथील रोग्यांच्या स्थितीचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी एकेका रोग्याची लक्षणे टिपून ठेविली होती. ते वैद्य नव्हते. पण रोज त्या खोल्यांत जाणारे तेच होते. वैद्य जेथे फिरकत नव्हते तेथे पाळक जात होता, आणि म्हणून या रोगाविषयीचे नव्या काळातील आरंभीचे काळजीपूर्वक निरीक्षण एका पाळकाच्या हातचे आहे. पुढे १८३६ साली देशातील कुष्ठरोग्यांची मोजणी झाली तीही पाळकांकरवीच.

हळूहळू सरकार जागे झाले. १८४९ साली बर्गेनमध्ये संशोधनासाठी एक नवे रुग्णालय उघडण्यात आले. त्याचे प्रमुख डॅनिएल कॉर्नेलियस डॅनिएलसन हे त्या काळी या रोगाचे युरोपातील सर्वांत मोठे जाणकार होते. त्यांनी व डॉ. बॉक यांनी १८४७ साली लिहिलेल्या ग्रंथात या रोगाची दोन रूपे, एक गाठींचे व दुसरे बधिरतेचे, प्रथमच नीट वेगळी करून दाखविली होती. मात्र रोगाचे कारण त्यांनी ठरविले ते अनुवंश. रोग रक्तात उतरतो, आजोबाकडून नातवाला येतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी डॅनिएलसन यांनी रोग्याच्या गाठीतील द्रव्य स्वतःच्या अंगात आणि आपल्या काही सहकाऱ्यांच्या अंगात टोचून घेतले. कोणालाच रोग झाला नाही. मग संसर्गाची गोष्ट ती काय उरली! त्यांच्या धैर्याला वंदन करावे तेवढे थोडेच. पण निष्कर्ष चुकीचा होता. आज आपल्याला माहीत आहे की बहुसंख्य माणसांच्या शरीरात या रोगाला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते, आणि ज्यांना तो होतो त्यांनाही तो कित्येक वर्षांनी दिसू लागतो.

येथे क्षणभर थांबून विचार करा. इतका बुद्धिमान माणूस अनुवंशावर का विसंबला? एक कारण असे की त्या पिढीतील पुष्कळ सुधारक वैद्यांना संसर्गाची कल्पना म्हणजे जुनी खुळचट भीती वाटत असे. संसर्ग म्हटला की बंदरे बंद होत, व्यापार थांबे आणि रोग्यांना हाकलले जाई. दुसरे कारण म्हणजे त्या किनाऱ्यावरील जीवनपद्धती. डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यातील एकेका वाडीत पिढ्यान्पिढ्या तीच कुटुंबे नांदत. एकाच घरात, कित्येकदा एकाच बिछान्यात, आजी, नातवंडे व गडीमाणसे झोपत. अशा ठिकाणी रोग घरात पसरला काय आणि रक्तातून उतरला काय, वरून पाहणाऱ्याला दोन्ही एकच दिसे. त्यातून रोगी हा गरीब, घाणीत राहणारा, नासके मासे खाणारा अशी शहरी लोकांची समजूत; म्हणजे दोष त्याच्या घराण्याचा आणि त्याच्या राहणीचा! अनुवंशाच्या या मतापायी १८५० नंतरच्या दशकात कुष्ठरोग्यांच्या घराण्यांत विवाहाला बंदी घालावी, असे प्रस्तावही पुढे आले. नॉर्वेच्या लोकसभेने ते मान्य केले नाहीत.

परंतु याच देशाने १८५६ साली एक असे काम केले की ज्याला जगात तोड नव्हती. देशभरातील प्रत्येक कुष्ठरोग्याची नावनिशीवार नोंदवही सुरू झाली. जिल्ह्याजिल्ह्यांतील वैद्य दरवर्षी नवे रोगी, मृत्यू, स्थलांतर आणि रुग्णालयातील भरती यांची माहिती तीत भरीत. एका विशिष्ट रोगाची राष्ट्रीय पातळीवरील अशी ही जगातील पहिलीच नोंदवही होय. आरंभी तीत सुमारे तीन हजार नावे होती. ज्या समाजात रोग्याचे नाव घेणेही टाळले जाते, तेथे अशी वही कधी तयार होऊ शकत नाही, हे आपल्याला निराळे सांगायला नको.

तरुण हॅन्सन यांच्या हाती ही वही आली आणि त्यांनी ती डॅनिएलसन यांच्यापेक्षा वेगळ्या डोळ्यांनी वाचली. १८७० साली ते शिष्यवृत्तीवर बॉन आणि व्हिएन्ना येथे सूक्ष्मदर्शक यंत्राचे काम शिकण्यास गेले होते. तेथे त्यांच्या वाचनात डार्विनचे विचार आले आणि ते धर्मश्रद्धेपासून दूर गेले. ही गोष्ट आपल्या मासिकात झाकून ठेवण्याचे मला काही कारण दिसत नाही. देव आपले काम कोणाच्या हातून करून घेईल हे ठरविणारे आपण कोण? परतल्यावर ते किनाऱ्यावरील गावोगाव हिंडले. कोण कोणाच्या घरी चाकरीला होता, कोण कोणाच्या बिछान्यात निजत असे, कोणाचा रोग आधी दिसला, असे साधे प्रश्न ते विचारीत. अनुवंशाचा पुरावा म्हणून जी नाती दाखविली जात, ती चुलत आजोबा आणि मावसपणजी यांच्यापर्यंत ताणलेली असत. हॅन्सन यांचा मुद्दा असा की, इतके दूरचे नाते धरले तर लहानशा खेड्यात कोण कोणाचा नातलग निघणार नाही? उलट ज्या जिल्ह्यांतून अधिक रोगी रुग्णालयात गेले, तेथे पुढील वर्षांत नव्या रोग्यांची संख्या अधिक वेगाने उतरली, असे त्यांना नोंदवहीत दिसून आले. रक्त तर तेच होते; बदलला होता तो सहवास.

आणि मग २८ फेब्रुवारी १८७३ हा दिवस उजाडला. एका रोग्याच्या गाठीतून काढलेल्या द्रव्यात हॅन्सन यांना सूक्ष्मदर्शकाखाली बारीक काड्यांसारखे पदार्थ दिसले. त्या काळी जंतूंना रंग देऊन स्पष्ट करण्याची विद्या बाल्यावस्थेत होती. म्हणून १८७४ साली आपला निबंध प्रसिद्ध करताना त्यांनी सावध भाषा वापरली. हेच रोगाचे कारण असे ठासून सांगितले नाही. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखविला तो त्यानंतर नऊ वर्षांनी, १८८२ साली. मनुष्याच्या दीर्घकालीन रोगाशी एखाद्या जंतूचा संबंध जोडणारे हॅन्सन हे पहिल्यांपैकी एक होत.

तेच वर्ष त्यांच्या घरात मोठे दुःखाचे गेले. १८७३ च्या जानेवारीत त्यांचा विवाह डॅनिएलसन यांची कन्या स्टेफनी हिच्याशी झाला होता. क्षयरोगाने त्याच वर्षाच्या अखेरीपूर्वी ती वारली. ज्या सासऱ्याचे मत आपण खोडून काढीत आहोत, त्याच्याच घरातील मृत्यूच्या छायेत हॅन्सन यांनी आपला निबंध लिहिला. डॅनिएलसन यांनी शेवटपर्यंत आपले मत सोडले नाही, पण जावयाच्या कामात आडकाठीही केली नाही. असे मतभेद आपल्या मंडळ्यांतही पाहावयास मिळाले असते तर किती बरे झाले असते!

याच १८७३ साली मुंबईहून एक पाहुणा बर्गेनला आला होता. हे होते ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकविलेले डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर. ज्या 'ग्रेज ॲनाटमी' या ग्रंथावर वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या पोसल्या, त्यातील चित्रे यांच्याच हातची. कार्टर यांनी हॅन्सन यांचे काम पाहिले, नॉर्वेची रुग्णालये पाहिली, आणि हिंदुस्थानच्या संदर्भासह त्यांवर अहवाल लिहिला, तो १८७४ साली छापला गेला. बर्गेनची वही आणि आपले मुंबई इलाख्यातील रोगी यांच्यामधला धागा असा जुना आहे.

आतापर्यंतची कथा वाचून आपले मन प्रसन्न झाले असेल. पुढचा भाग सांगताना मात्र लेखणी अडखळते. पण तो वगळला तर हे चरित्र खोटे होईल.

१८७९ साली अल्बर्ट नायसर नावाचा एक तरुण जर्मन वैद्य बर्गेनला आला. हॅन्सन यांनी उदार मनाने त्याला रोग्यांच्या गाठींतील द्रव्य दिले. त्याने ते मायदेशी नेले, नव्या पद्धतीने रंग देऊन जंतू स्पष्ट दाखविले आणि शोध आपलाच असल्यासारखा प्रसिद्ध केला. हॅन्सन यांना आपला अग्रहक्क १८८० मध्ये लेख लिहून सांगावा लागला. याच सुमारास, जंतू आहे एवढे दाखवून भागणार नाही, त्याने रोग होतो हे सिद्ध केले पाहिजे, ही टोचणी त्यांना लागली होती. सशांवर केलेले प्रयोग फसले होते. जंतू काचेच्या बशीत वाढत नव्हता.

३ नोव्हेंबर १८७९ रोजी हॅन्सन यांनी आपल्या रुग्णालयातील कारी निल्सदात्तर या तेहतीस वर्षांच्या रोगी स्त्रीला बोलावून घेतले. तिला रोगाचे बधिरतेचे रूप होते. गाठींच्या रूपाच्या रोग्याकडून घेतलेले द्रव्य मोतीबिंदूच्या सुरीच्या टोकावर घेऊन त्यांनी ते तिच्या डोळ्याच्या आतील नाजूक पडद्याला टोचले. तिला काही सांगितले नाही, तिची परवानगी घेतली नाही. तिला दुखले, ती घाबरली आणि तिने तक्रार केली. प्रकरण बर्गेनच्या न्यायालयात गेले. हॅन्सन यांनी काही लपविले नाही. विचारले असते तर ती नाही म्हणाली असती, म्हणून विचारले नाही, असा त्यांच्या जबाबाचा आशय होता. ३१ मे १८८० रोजी निकाल लागला. रुग्णालयातील वैद्याचे पद त्यांच्याकडून काढून घेण्यात आले. देशाचे मुख्य कुष्ठरोग अधिकारी हे पद त्यांच्याकडे १८७५ पासून होते, ते मात्र कायम राहिले. त्या टोचणीने कारीला नवा रोग झाला नाही.

वाचकहो, डॅनिएलसन यांनी तेच द्रव्य स्वतःच्या अंगात टोचले होते, हे आठवा. जावई कारीकडे वळला. का? मला वाटते, याचे उत्तर रुग्णालयाच्या भिंतींत आहे. ज्या व्यवस्थेने शेकडो रोग्यांना एका छपराखाली आणून वैद्याला पाहण्याची संधी दिली, त्याच व्यवस्थेने त्या रोग्यांना वैद्याच्या हातातले साहित्य बनविले. गरीब शेतकऱ्याची मुलगी, घरी परतण्याची आशा नाही, तिचा नकार विचारात घ्यावा असे कोणाला वाटणार? पण या कथेला दुसरी बाजूही आहे. अशा स्त्रीची तक्रार ऐकून घेणारे आणि नामवंत वैद्याला दोषी ठरविणारे न्यायालय १८८० साली त्या शहरात होते. पुढे नायसर यांनीही गुप्तरोगाच्या संशोधनात ब्रेसलाऊकडील स्त्रियांवर त्यांच्या संमतीवाचून प्रयोग केले व दंड भरला. ज्ञान मिळविण्याची किंमत कोणी भरावी, हा प्रश्न त्या शतकात वारंवार उपस्थित झाला आणि ती भरणारे बहुधा तेच लोक होते, ज्यांचा शब्द कोणी मोजीत नव्हते.

पदावरून दूर झाल्यावरही हॅन्सन यांचे काम थांबले नाही. नॉर्वेच्या खेड्यांत एक जुनी प्रथा होती. ज्यांना आधार नाही अशा गरिबांना पाळीपाळीने एकेका शेतकऱ्याच्या घरी ठेवीत. आज या घरी, काही दिवसांनी त्या घरी. भूतदयेची ही प्रथा कुष्ठरोग्यांच्या बाबतीत रोग दारोदार पोहोचविणारी ठरे. १८७७ च्या कायद्याने अशा गरीब रोग्यांना घरोघर फिरविणे बंद झाले. १८८५ च्या कायद्याने रोग्याने घरी वेगळी खोली व वेगळा बिछाना घेऊन राहावे, ते शक्य नसेल तर रुग्णालयात जावे, असे ठरले. या दोन्ही कायद्यांमागे हॅन्सन होते.

१८८८ साली ते अमेरिकेला गेले. नॉर्वेहून मिनेसोटा, विस्कॉन्सिन व डकोटा या भागांत स्थायिक झालेल्या लोकांत सुमारे दीडशेच्या वर कुष्ठरोगी गेले होते. अनुवंशाचे मत खरे असेल तर त्यांच्या मुलानातवंडांत रोग दिसायला हवा होता. हॅन्सन यांनी शेतोशेती जाऊन शोध केला. त्यांना रोगी वंशज एकही आढळला नाही. त्यांच्या मते कारण साधे होते. नव्या देशात घर प्रशस्त होते, प्रत्येकाला स्वतःचा बिछाना होता आणि अंग धुण्याची सवय लागली होती. एका रोगाच्या कारणाविषयीचा वाद काही अंशी बिछान्यांच्या संख्येने सुटला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

१८९७ साली बर्लिन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषद भरली आणि तिने नॉर्वेची पद्धत जगाला आदर्श म्हणून दिली. येथून मात्र गोष्ट पुन्हा बिघडली. नॉर्वेत जी पद्धत घरातील वेगळ्या खोलीपासून सुरू होत होती, ती इतर देशांत पोहोचेपर्यंत तिचे आजन्म कारावासात रूपांतर झाले. जपानमध्ये रोग्यांना डांबून ठेवण्याचा कायदा १९९६ पर्यंत टिकला. हिंदुस्थानात १८९०-९१ साली नेमलेल्या आयोगाने हा रोग फार थोड्या प्रमाणात संसर्गजन्य असल्याचे म्हटले होते. तरी १८९८ साली कुष्ठरोग्यांचा कायदा झालाच. त्याचा रोख विशेषतः भीक मागत फिरणाऱ्या रोग्यांवर होता. पोलिसाने त्यांना पकडून आश्रमात धाडावे अशी तरतूद होती. वाड्यात राहणाऱ्या रोग्याला त्याचा त्रास नव्हता. जंतू गरीब आणि श्रीमंत असा भेद करीत नाही; तो भेद कायद्याने केला. तो कायदा रद्द व्हावयास २०१६ साल उजाडले. आणि आपल्या ख्रिस्ती घटस्फोट कायद्यात २००१ साली घातलेले कुष्ठरोगाचे कारण २०१९ मध्ये, इतर धर्मीयांच्या विवाहकायद्यांतील तशाच कलमांबरोबर, वगळण्यात आले. म्हणजे रोग औषधाने बरा होऊ लागल्यानंतर कित्येक दशकांनी. अनेक औषधे एकत्र देण्याची उपचारपद्धती १९८० नंतर सर्वत्र आली आणि आपल्या देशात ती विनामूल्य मिळते. तरीही जगातील निम्म्याहून अधिक नवे रोगी आजही भारतात आढळतात. त्यांतील पुष्कळ उशिरा येतात, कारण चट्टा लपविण्याची सवय अजून गेलेली नाही. लपविलेला चट्टा कोणत्याही नोंदवहीत येत नाही.

हॅन्सन यांच्या शोधाने नॉर्वेतील रोग हटला काय? त्यांच्या हयातीतच नोंदवहीतील तीन हजारांचा आकडा काही शेकड्यांवर आला होता, हे खरे. परंतु त्याचे किती श्रेय विलगीकरणाला, किती चांगल्या घरांना व अन्नाला आणि किती अमेरिकेला गेलेल्या जहाजांना द्यावे, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. विलगीकरणाचा वाटा हॅन्सन समजत होते तेवढा मोठा नसावा, असे मला वाटते. आणखी एक विलक्षण गोष्ट अशी की त्यांनी पाहिलेला तो जंतू प्रयोगशाळेतील कृत्रिम खाद्यावर आजवर कोणालाही वाढविता आलेला नाही. १९६० साली तो उंदराच्या पायात वाढविता आला. जो पुरावा मिळविण्यासाठी हॅन्सन यांनी कारीवर सुरी धरली, तो पुरावा त्या मार्गाने मिळणारच नव्हता.

आमच्या भाषांतराच्या बैठकीत लेवीय तेरावर चर्चा झाली तेव्हा 'महारोग' शब्द काढून 'त्वचेचा अशुद्ध विकार' अशा अर्थाचा शब्द ठेवावा, असे मी सुचविले. एका वयोवृद्ध पाळकांनी हरकत घेतली. लोक जो शब्द लहानपणापासून ऐकत आले तो बदलू नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. शुभवर्तमानात प्रभूने ज्यांना हात लावला त्यांची कथा सांगताना शब्द पुळचट झाला तर त्या स्पर्शाचे मोलही उणे होते. आम्ही तो दिवस तसाच सोडला व दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच ओळीपासून आरंभ केला.

१९०९ साली दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद बर्गेनलाच भरली आणि हॅन्सन तिचे अध्यक्ष होते. १२ फेब्रुवारी १९१२ रोजी, कुष्ठरोगाच्या पाहणीच्या दौऱ्यावर असता, किनाऱ्यावरील फ्लोरो या गावी त्यांचे निधन झाले. सेंट यॉर्गनमधील शेवटचे दोन रोगी १९४६ साली वारले. ती लाकडी इमारत आता संग्रहालय आहे. दोघातिघांनी मिळून राहण्याच्या अरुंद खोल्या तेथे तशाच राखल्या आहेत आणि शेजारी रोग्यांचे स्वतःचे ख्रिस्तमंदिर आहे. बर्गेनचे कुष्ठरोगविषयक दप्तर २००१ साली युनेस्कोने जगाच्या स्मृतिसंग्रहात घेतले.